घड्याळाची आंघोळ

बाबा गेल्याला पाच महिने झाले आणि सहाव्यात, पाऊस लागला तशी, त्यांचं घड्याळ आपणहून बोलायला लागलं.

तसं ते बोलकंच होतं. प्लायवूडची, जाडजूड पुस्तकाएवढी पेटी, पुढे स्पीकरची जाळी आणि वर दारावरच्या घंटीचं मोठं गोल बटण. बटण दाबलं की बाबांच्या आवाजात वेळ सांगायचं. आईची नजर गेल्या दहा-बारा वर्षांत पायरी पायरीने उतरत गेली होती. आधी सुईतला दोरा गेला, मग वर्तमानपत्र, मग माणसांचे चेहरे. आता खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळायचं. घड्याळ बाबांनी तिच्यासाठी केलं होतं. पण विचारल्याशिवाय ते तोंड उघडत नसे.

त्या दुपारी लेक आत भांडी विसळत होती. बाबा गेल्यापासून ती आईकडेच राहायला आली होती. बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले, "दोन वाजून दहा मिनिटं." लगेच पुन्हा म्हणाले, "दोन वाजून दहा मिनिटं."

"आई, किती वेळा दाबतेस?"

"मी कुठे दाबलं? माझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

लेक ओल्या हातांनी तशीच बाहेर आली. आईचे हात खरंच मांडीवर होते आणि मान पेटीकडे कललेली होती.

"सकाळपासून तिसऱ्यांदा," आई म्हणाली. "बोलायचं असेल त्यांना काही."

"आई, वेळच तर सांगताहेत."

"मग? जिवंतपणी तरी दुसरं काय सांगायचे? उशीर झाला, उशीर झाला, चला." आणि आई हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

लेकीला मात्र हसू आलं नाही. ती छापखान्यात प्रूफं तपासायची. जिथे काही नसायला हवं तिथे काही दिसलं की तिचं बोट तिथेच अडायचं, मग तो जास्तीचा अनुस्वार असो की जास्तीचा आवाज.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या घशात गाठ निघाली. सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं होतं: गाठ काढायची तर स्वरयंत्रही जाईल. बाबा चित्राकडे बघत राहिले. आईला चित्र दिसत नव्हतं. तिने दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाली, "बोलले नाहीत तरी चालेल. राहायला हवेत." विषय तिथेच मिटला. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत बाबांनी घड्याळ केलं. हयातभर त्यांनी हौसेने रेडिओ, घंट्या, टाकी भरली की शिट्टी मारणारी यंत्रं केली होती, पण यावेळी हौस नव्हती. डोक्यावरून रजई घेऊन ते आवाज साठवायच्या चिपमध्ये एकेक शब्द भरत बसायचे. "एक. दोन. तीन." मग "वाजले." मग "वाजून." मग "मिनिटं." चिपमध्ये जागा थोडी, म्हणून घड्याळ पाच-पाच मिनिटांच्या हिशेबानेच बोलणार होतं. लेक म्हणाली, "म्हणजे चार मिनिटं चुकीचं सांगणार?" तर रजईतून उत्तर आलं, "तुझ्या आईला चार मिनिटांनी काही फरक पडत नाही. लग्नाला ती पाऊण तास उशिरा आली होती." शेवटी थोडी जागा उरली, त्यात त्यांनी सकाळी नऊला बटण दाबलं की म्हणायचं एक वाक्य भरलं: "गोळी घेतलीस का गं?"

"चाळीस" हा शब्द चारदा भरावा लागला, कारण घसा बसत चालला होता. चौथ्यांदा तो नीट आला आणि नेमकं त्याच क्षणी दार धाडकन वाजलं. लेक छापखान्यातून आली होती. बाबांनी तिला फोन करून घोगऱ्या आवाजात सांगितलं होतं, "सोल्डरिंगची पेस्ट संपली. येताना घेऊन ये," आणि ती जेवणाच्या सुट्टीत आणलेला पेस्टचा डबा घेऊन घाईने आत शिरली होती. बाबांनी रजईतून डोकं काढून कपाळाला हात लावला. पण घसा आता पाचव्यांदा साथ देणार नव्हता. दार तसंच राहिलं. त्यामुळे घड्याळ दर तासाला चाळीस मिनिटांवर आलं आणि आईने बटण दाबलं, की बाबांच्या शब्दामागे ते दार वाजायचं आणि आई म्हणायची, "आलीस बघ."

ऑपरेशननंतर बाबा तीन वर्षं राहिले. आवाज नव्हता. लिहून दाखवायला समोर वाचू शकणारं माणूस हवं, म्हणून ते आईच्या तळहातावर बोटाने लिहायचे. एकेक अक्षर. आई ओठ हलवत वाचायची आणि मोठ्याने उत्तर द्यायची. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई एकटीच भांडते आहे.

आणि महिन्यातल्या पहिल्या रविवारी ते घड्याळाला आंघोळ घालायचे. हा शब्द आईचा. पेटी उघडून, आतला बोर्ड काढून, दात घासायच्या ब्रशने हळूहळू घासायचे, खिडकीत वाळवायचे, पुन्हा बसवायचे. लेक चिडवायची, "बाबा, तुम्ही स्वतः इतक्या नेमाने आंघोळ करत नाही." ते हसायचे, म्हणजे खांदे हलायचे. म्हातारपणचा चाळा म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही.

त्या दुपारनंतर दोन दिवसांनी "वाजून" हा शब्द चिरकायला लागला, तेव्हा लेकीने पेटी उघडली. बोर्डावर, चिपच्या पायांशी, हिरवट पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. बोट लावलं तर चिकट, ओलसर लागलं. तिने स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसून पाहिलं. हिरवं फिकट झालं, पण पसरलं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. राळकाकांना दाखवून आणते."

"आजच आणशील ना परत?" आई म्हणाली. मग स्वतःलाच सावरत, "नाही, घाई नाही. सावकाश होऊ दे."

राळकाका बाबांचे चाळीस वर्षांचे दोस्त. जिन्याखालच्या दुकानात रेडिओ, पंखे, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करायचे. सोल्डरिंगच्या राळेचा धूर त्यांच्या कपड्यांतच काय, बोलण्यातही भिनलाय असं बाबा म्हणायचे, आणि नावही त्यांनीच ठेवलं होतं. लहानपणी लेक या दुकानात स्टुलावर बसून दोघांना सोल्डरची तार धरून द्यायची. वितळलेल्या तारेने सांध्याला डाग कसा द्यायचा ते तिथेच शिकली होती, आणि पुढे विसरून गेली होती.

राळकाकांनी बोर्ड दिव्याखाली धरला आणि कडेकडेने फिरवून पाहिला.

"हे कुणी केलं?"

"बाबांनी."

"काहीतरी सांगू नकोस. मी एकदा बोर्डावरची राळ पुसली नाही, तर तुझ्या बापाने आठवडाभर माझ्या चहाला हात लावला नव्हता. म्हणे घाणेरड्या माणसाचा चहा पीत नाही." त्यांनी नखाने हिरवा कण खरवडला, बोटांत चोळला, हुंगला. "बये, ही नळाची पेस्ट आहे. तांब्याचे नळ जोडतात ना, ती. हिच्यात तेजाब असतं. ही हवेतलं पाणी ओढत बसते आणि तांबं खात बसते. ओल धरली की त्यातून वीज झिरपते. म्हणून ते न दाबता बोलत असणार. बटणाच्या दोन पायांमध्ये या चिकट्याने पूल बांधलाय. पण त्याच्या हातात ही आली कुठून?"

लेकीला डबा आठवला. छापखान्याच्या गल्लीतलं हार्डवेअरचं दुकान. "सोल्डरिंगची पेस्ट द्या," ती म्हणाली होती आणि दुकानदाराने फडताळातून एक चपटा डबा सरकवला होता. झाकणावर नळाचं चित्र होतं. तिला ते कंपनीचं बोधचिन्ह वाटलं होतं. खाली बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. बारीक अक्षरं वाचायचाच तिला पगार मिळायचा. पण सुट्टी संपायला सात मिनिटं उरली होती आणि तिने वाचलं नव्हतं.

"मी आणली," ती म्हणाली.

राळकाकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "दर महिन्याला धुवायचा, नाही का?"

"हो."

"मग त्याला माहीत होतं. पहिल्या धुरालाच कळलं असणार. हिचा धूर नाकात झोंबतो, आपल्या राळेसारखा गोड नसतो. पण तोवर चिपखाली शिरली असेल. ऑपरेशन तोंडावर. चिप उपसून काढायला हात धजावला नसेल. आत आवाज होता ना."

लेक स्टुलावर बसली. तेच स्टूल, एक पाय आखूड. तीन वर्षं दर महिन्याला बाबा ब्रश घेऊन तिची चूक घासत बसले होते आणि ती शेजारी उभी राहून विनोद करत होती.

"आता स्वतःवर राळ उडवत बसू नकोस," राळकाका म्हणाले. "या दुकानात तो मान माझा. ऊठ, पाणी तापव."

"मी?"

"मग काय मी? माझा हात बघ." त्यांनी हात पुढे केला. बोटं पानासारखी थरथरत होती. "मिक्सर चालतो या हाताने. तुझ्या बापाचा आवाज नाही चालायचा."

त्यांनी सांगितलं तसं ती करत गेली. आधी सेल काढले, स्पीकर सोडवला. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, कारण ही पेस्ट मेणचट असते आणि मेणाला स्पिरिट पुरत नाही. पाण्याखाली बोर्ड धरायची वेळ आली तेव्हा तिचा हात थांबला.

"काका, आवाज?"

"आवाज पाण्याने जात नाही. गंजाने जातो. बुडव."

तिने बुडवला. ब्रशचे केस चिपच्या पायांमधून तिरके घालत, वरून खाली, एकाच दिशेने. मग दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा घातलेलं पाणी, तेजाब मारायला. त्यात बोर्ड ठेवला तर चिपच्या कडेने बारीक बुडबुडे आले. ते थांबेपर्यंत दोघंही वाटीकडे बघत राहिले. मग गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, तीनदा. नळाचं नको, त्यात क्षार असतात. शेवटी स्पिरिट, फटीतलं पाणी बाहेर ओढून घ्यायला. एवढं झाल्यावर दिव्याच्या उबेत वाळायला ठेवला. वाळल्यावर बोर्ड स्वच्छ दिसत होता आणि म्हणूनच नुकसानही स्वच्छ दिसत होतं: तीन डाग खाऊन पोकळ झाले होते.

"हे तीन पुन्हा दे," राळकाका म्हणाले आणि टेबलावर तीन बाटल्या मांडल्या. "डाग धरायला आधी लावायचं फ्लक्स निवड. ही पाण्याने धुतली जाणारी. हिच्यासारखा चकचकीत डाग कुणी देणार नाही, पण धुवायची राहिली तर तुझ्या नळाच्या पेस्टची धाकटी बहीण. ही दुसरी, धुवायला नकोच अशी. पोरं हीच वापरतात. चांगली आहे, पण तिला ताप नीट लागला नाही तर तीही रुसते. आणि ही आपली राळ. धूर करते, चिकटते, पण धुवायची राहिली तर काचेसारखी होऊन गप्प पडून राहते. कुणाला खात नाही."

"राळ," लेक म्हणाली.

"का?"

"माझ्याकडून काही राहून गेलं तर."

राळकाकांनी पिवळी बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने त्या बाटलीतला थेंब लावला, तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं, तार टेकवली. धूर उठला, गोड, डोळ्यांत जाणारा. पहिला डाग ओबडधोबड झाला, दुसरा बरा, तिसरा बाबांनी दिल्यासारखा गोल आणि चमकदार. "दोन धातूंची गाठ घालून द्यायची आणि निघून जायचं, एवढंच फ्लक्सचं काम," राळकाका स्वतःशीच म्हणाले. "लग्न जुळवणाऱ्याने जेवून घरी जावं. मुक्काम टाकला की संसाराचं वाटोळं." मग तिला पुसायला स्पिरिट दिलं. "राळ आहे म्हणून सोडायची नाही. पूस."

चिपखाली अजून थोडं असणारच, ते म्हणाले. गरम हवा मारून चिप उचलली तर सगळं निघेल, पण एक पाय तुटला की आवाज गेला. नाहीतर आंघोळ चालू ठेवायची. "पण महिन्याने नको, पंधरा दिवसांनी. बापाला तीन वर्षं पुरली, तुला जास्त पुरायला हवी."

"उचलायची नाही," लेक म्हणाली.

सेल घातले. बारीक दिवा लुकलुकला, म्हणजे घड्याळ चालत होतं. भिंतीवरच्या घड्याळावरून तिने वेळ लावली आणि स्पीकर जोडला. आवाज आहे की गेला, ते आता कळणार होतं. तिने बटणावर बोट ठेवलं तर राळकाकांनी तिचं मनगट धरलं.

"घरी दाब. बोललं नाही तर ते माझ्यासमोर नको."

आई खुर्चीतच बसलेली होती. टेबलावर पेटीची जागा रिकामी होती आणि आईचा हात त्या जागेवर पालथा पडलेला होता. लेकीने पेटी ठेवली. आईने चाचपली, बटणापर्यंत बोटं नेली आणि थांबली. तिलाही धीर होत नव्हता.

"आई, थांब. आधी एक सांगायचंय." लेक म्हणाली. "त्यात जी पेस्ट गेली होती, ती चुकीची होती. तो डबा मी आणला होता. त्याच्यामुळे सडत होतं ते."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"डबा. तू आणलास त्याच रात्री त्यांना कळलं. तेव्हा आवाज होता त्यांना, पण तू त्या रात्री मुक्कामाला, पलीकडच्या खोलीत होतीस ना. म्हणून बोलले नाहीत, हातावर लिहिलं. पहिल्यांदा. ती सवय तिथून लागली आम्हाला."

"काय लिहिलं?"

आईने हात पुढे केला. लेकीने आपला तळहात तिच्या हातात दिला. आईचं बोट खरखरीत होतं आणि अक्षरं सावकाश येत होती, एकावर एक, जागा नसल्यासारखी. पो. मग र, आणि त्याच्यावरची वेलांटी डावीकडून. मग ला. मग सांगू. मग नको.

"पोरिला," लेक म्हणाली. "ऱ्हस्व काढली त्यांनी?"

"नेहमीच. मी कितीदा सांगितलं, पोरगी प्रूफं तपासते, तिच्यासमोर तरी नीट लिहा. म्हणाले, ती कुठे वाचणार आहे."

लेकीने मूठ मिटली. मग म्हणाली, "आणि तू सांगितलं नाहीस."

"त्यांनी नको म्हटलं होतं. मी तरी त्यांचं दुसरं काय ऐकलं गं आयुष्यात?" आईने पदराने नाक पुसलं. "पावसाळ्यात आंघोळीच्या आधी दोन-चार दिवस ते असंच आपणहून बोलायचं. हे समोर बसलेले असायचे, मुके. आणि पेटी बोलायची. मग हे माझ्या हातावर लिहायचे, मी नाही हं बोललो."

लेकीला हसू आलं. ते तिने गिळलं, कारण सगळ्यात अवघड गोष्ट अजून सांगायची राहिली होती.

"आई, काका म्हणाले, आता पंधरा दिवसांनी धुवायचं. म्हणजे ओल धरायच्या आतच. मग ते आपणहून नाही बोलणार. दाबलं तरच." ती थांबली. "तुला हवं असेल तर महिन्यानेच धुवू. पण मग आतून खात राहील."

आईने जणू आतल्या बोर्डापर्यंत पोचता येईल अशा बेताने पेटीवरून हात फिरवला, कडेने, जाळीवरून. खिडकीकडे तोंड केलं. तिला तेवढा उजेड दिसायचा.

"पंधरा दिवसांनी घाल," ती म्हणाली. "बोलले नाहीत तरी चालेल. राहायला हवेत."

तीन वर्षांपूर्वी सर्जनसमोर ती अगदी याच आवाजात हे बोलली होती. तिला ते आठवत होतं की नाही, लेकीने विचारलं नाही.

"दाब आता," आई म्हणाली.

"तू दाब."

"तू धुतलंस. तू दाब."

लेकीने बटण दाबलं. क्षणभर नुसती खरखर झाली, आणि आईच्या बोटांनी तिचं मनगट आवळलं.

"चार," बाबा म्हणाले, थोडे घोगरे, पण स्पष्ट. "वाजून. चाळीस. मिनिटं."

शब्दामागे दार धाडकन वाजलं. डबा घेऊन, छापखान्यातून घाईने, धापा टाकत कुणीतरी घरात शिरलं.

"आलीस बघ," आई म्हणाली.

"हो," लेक म्हणाली. "आले."